वर्गणीवर रिपीटर उभा करताय, तर आधी चालवण्याचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्यात पंचवीसेक परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत, साठ हजार रुपये जमलेत, डोंगरावरच्या देवस्थानाने एक खोली आणि मास्टसाठी जागा द्यायची तयारी दाखवली आहे. १४५ मेगाहर्ट्झवर रिपीटर लावायचा आहे, म्हणजे क्षीण सिग्नल ऐकून तो त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात पुन्हा पाठवणारा संच. एका व्यापाऱ्याकडे "१३६ ते १७४" असं लिहिलेला छोटा, चपटा डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारी गाळणी) स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा का, आणि एकदा उभा केलेला रिपीटर पुढे चालवायचा कसा?

डुप्लेक्सरचं आधी सांगतो, कारण तिथे पैसे आजच जाऊ शकतात. तो घेऊ नका. हे चपटे डबे पाठवायची आणि ऐकायची फ्रीक्वेन्सी एकमेकींपासून साडेचार-पाच मेगाहर्ट्झ लांब असेल अशा कामासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे दोन मीटर बँडच १४४ ते १४६ एवढा, म्हणजे दोन मेगाहर्ट्झचा. त्यात रिपीटरचं अंतर ६०० किलोहर्ट्झ. एवढ्या जवळच्या दोन फ्रीक्वेन्सी एकाच अँटेनावर वेगळ्या ठेवायला मोठ्या कॅव्हिटी, म्हणजे ट्यून करता येणारी धातूची पोकळ नळकांडी, लागतात, साधारण कमरेएवढ्या उंच, दोन्ही बाजूंना मिळून चार ते सहा. आकडे बघा: ट्रान्समीटर २५ वॅट सोडतो आणि त्याच क्षणी शेजारचा रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायच्या प्रयत्नात असतो. दोघांत सुमारे १६५ डेसिबलचा फरक आहे. रिसीव्हरची स्वतःची गाळण जमेस धरली तरी डुप्लेक्सरने ८५ ते ९० डेसिबल अडवलंच पाहिजे. चपट्या डब्याला ६०० किलोहर्ट्झवर ते जमत नाही, कितीही ट्यून करा. मग रिपीटर सगळ्यांना दणदणीत ऐकू येतो, पण हँडसेटवाल्याचं काहीच ऐकत नाही.

जुन्या कॅव्हिटी मिळाल्या तर जरूर घ्या, पोचे आलेल्या असल्या तरी. आतली चांदीची झिलई काळवंडलेली नाही ना आणि ट्यूनिंगची दांडी अडकत नाही ना, एवढं बघा. नॅनो-व्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर ट्यून करणार असाल तर त्याची मर्यादा लक्षात ठेवा. त्याला साधारण ७० डेसिबलच्या खालचं दिसत नाही. पूर्ण डुप्लेक्सर जोडून तो किती डेसिबल अडवतो ते मोजायला गेलात तर तळाशी नुसता खरखरीत पट्टा दिसेल आणि काम झालं असं वाटेल. एकेक कॅव्हिटी सुटी मोजा, मग जोडा. शेवटचा हात प्रत्यक्ष रिपीटर चालू ठेवून, अगदी क्षीण सिग्नल देऊन, कानाने फिरवा.

आता मुख्य गोष्ट. रिपीटर बांधायला वर्गणी मिळते, चालवायला मिळत नाही. नवी अँटेना, नवा सेट म्हटलं की लोक उत्साहाने देतात, तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीसाठी कोणी देत नाही. म्हणून साठ हजारांतले पस्तीस-चाळीसच आता खर्च करा आणि उरलेले बँकेत ठेवा. त्यात बसत नसेल तर सेट साधा घ्या, पण शिल्लक ठेवा. आमचा पहिला रिपीटर बंद पडला तो बिघाडाने नाही. पहिल्याच दिवशी खातं रिकामं केलं होतं, आणि दीड वर्षाने वीज पडली तेव्हा दुरुस्तीला हातात काही नव्हतं. मग चार महिने डोंगर मुका होता. त्या चार महिन्यांत नव्याने परवाना मिळालेली मुलं आली, चॅनलवर शांतता ऐकली आणि निघून गेली. त्यांतली बरीचशी परत आली नाहीत. ती खंत मला अजून आहे.

वर्षाचा खर्च कसा मांडायचा ते सांगतो. वीज फारशी लागत नाही. सेट नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर घेतो, २५ वॅट पाठवताना सात. दिवसाकाठी दोन तास बोलणं धरलं तर चौदा अँपिअर-तास बोलण्याचे आणि अकरा ऐकण्याचे, मिळून पंचवीस. चार्जरची गळती धरून रोज अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. देवस्थानाने नको म्हटलं तरी हे पैसे दर महिन्याला द्या आणि पावती घ्या. विश्वस्त बदलतात. नवे विश्वस्त आले की पहिला प्रश्न येतो, "ही कोणाची लाईट फुकट जळतेय?" तेव्हा पावत्यांची फाईल कामाला येते. जागेबद्दल एक पानाचा करारही लिहून ठेवा: खोली कोणती, मास्ट कुठे, किल्ली कोणाकडे, काढून न्यायचं झालं तर किती दिवसांची नोटीस.

खरा खर्च बॅटरीचा. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी घेतली आणि अर्ध्यापर्यंतच उतरू दिली, तर वरच्या हिशेबाने तीन दिवस निघतात. आपल्या डोंगरांवर जुलैत तीन दिवस वीज नसणं नवल नाही. अशी बॅटरी चार-पाच वर्षं चालते, म्हणून तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा दरवर्षी बाजूला टाका. लिथियम-फॉस्फेट जास्त टिकते, पाणी घालावं लागत नाही आणि पाठीवर वाहून नेता येते. परवडत असेल तर तीच घ्या. सोलरवर मात्र पावसाळ्यात भिस्त ठेवू नका. १०० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात रोजची पंचवीस अँपिअर-तासांची गरज भागवतं, पण घाटमाथ्यावर आषाढात आठ-आठ दिवस ढग पायाशी असतात, तेव्हा त्याच्या पाव हिश्शाचीही खात्री नसते. शिवाय स्वस्त चार्ज कंट्रोलर दोन मीटरवर खरखर सोडतात. पॅनल लावायच्या आधी तो कंट्रोलर रिसीव्हरशेजारी चालू करून ऐका.

वर्गणीचं गणित करताना पंचवीस जणांवर करू नका. महिन्याला शंभर, वर्षाला बाराशे ठरवलेत तर कागदावर तीस हजार दिसतात. पंधरा जण देतील असं धरा, म्हणजे अठरा हजार. खर्च त्यात बसला पाहिजे. वरचे आले तर ते बॅटरीच्या खात्यात जातील.

काही जण सुचवतील की जो वर्गणी देईल त्यालाच टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा ठरावीक सूर, सांगू. हे करू नका, असं मी कळकळीने सांगतो. हौशी रेडिओ सेवा आर्थिक लाभासाठी नाही, हे तिच्या व्याख्येतच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिपीटरची सगळ्यात जास्त गरज ज्याला असते त्याच्याकडेच पैसे नसतात. नुकतीच परीक्षा पास झालेली, पाच वॅटचा स्वस्त हँडसेट घेऊन गच्चीवर उभी असलेली एखादी मुलगी पहिल्यांदा परवान्यावरचा आपला कॉलसाईन उच्चारते, तेव्हा कोणीतरी उत्तर द्यायला हवं. टोन सगळ्यांना सांगा. वर्गणी मागा, पण दार बंद ठेवून नको.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, तुमच्याही नाही. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदणी करा. महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यासाची नोंद येते, म्हणजे दरवर्षी हिशेब सादर करणं आलं. कटकट आहे, पण हीच कटकट संस्थेला वाचवते. खात्यावर दोन सह्या ठेवा. दर तिमाहीला जमाखर्च सगळ्यांना पाठवा: काय आलं, काय गेलं, बॅटरीच्या खात्यात किती आहे. चाळीस रुपयांची टेपसुद्धा लिहा. हिशेब उघडा असला की न मागता पैसे येतात, हे मी अनुभवाने सांगतो. आणि वस्तूरूपाने देणगी आली तर "ही वस्तू आता संस्थेची" अशी दोन ओळींची चिठ्ठी सहीने घ्या. आमच्याकडे एका ज्येष्ठ सदस्याने सेट दिला होता. पुढे मतभेद झाले, त्यांनी सेट काढून नेला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, कारण कागदावर तो त्यांचाच होता.

वर्गणी मागताना आपत्तीचं उदाहरण द्याल, तर खरं द्या. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हॅम भारती प्रसाद यांनी केलेलं निरोप पोचवायचं काम सगळे सांगतात आणि ते सांगण्यासारखंच आहे, पण ते शॉर्टवेव्हवरचं होतं. बेटापासून मुख्य भूमीपर्यंत रिपीटर पोचत नाही. रिपीटरचं काम जिल्ह्याएवढं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं, वीज गेली, मोबाईल बंद पडले. अशा वेळी शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून डोंगरापलीकडे निरोप पोचवायचा असतो, ते याचं क्षेत्र. आणि त्या दिवशी तो चालू असेल की नाही हे मे महिन्यात तुम्ही काय केलंत यावर ठरतं.

जागेबद्दल एक विचारतो: तुमचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर आहे की तिच्या पूर्वेला? हजार मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज साधारण १३० किलोमीटरवर जातं, पण ते मोकळ्या मैदानात. डोंगर रांगेपासून पंधरा-वीस किलोमीटर आत असेल तर देशावर सोलापूरच्या दिशेने लांब ऐकू येईल आणि कोकणातली पायथ्याची गावं मात्र कड्याच्या सावलीत राहतील. पॉवर वाढवून ती सावली जात नाही. त्यामुळे वर्गणी मागण्याआधी एक सुटी अँटेना आणि मोबाईल सेट (गाडीत बसवतात तो रेडिओ) घेऊन एक दिवस डोंगरावर बसा, चौघांना चार दिशांना पाठवा आणि नकाशावर खुणा करा. त्या नकाशावर कोणतं गाव येत नाही हेही लोकांना आधीच सांगा.

परवान्याचं थोडक्यात: रिपीटरला डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाकडून स्वतंत्र परवानगी लागते, आणि मास्टच्या जागेसाठी सॅक्फाची (अशा जागा मंजूर करणाऱ्या केंद्राच्या समितीची) मंजुरी लागेल का ते आधीच विचारून घ्या. वेळ लागतो. कागद हातात आल्याशिवाय रिपीटर चालू करू नका, "चाचणी" म्हणूनही नको.

सेटबद्दल माझं मत साधं आहे. जुने व्यावसायिक मोबाईल सेट, ४५ वॅटचे, २० ते २५ वर चालवा आणि मागे पंखा लावा. ते थांबत-थांबत बोलायला बनवलेले असतात. रविवारच्या तासाभराच्या नेटला, म्हणजे सगळ्यांच्या ठरलेल्या गप्पांना, पूर्ण पॉवरवर ठेवलेत तर दोन महिन्यांत आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल. पॉवर निम्मी केली तर ऐकणाऱ्याला फक्त तीन डेसिबलचा फरक पडतो, तो कोणाच्या लक्षातही येत नाही. कंट्रोलरमध्ये तीन गोष्टी हव्यातच: मोर्समध्ये कॉलसाईन, तीन मिनिटांचा टाइम-आउट (त्याहून लांबलं की ट्रान्समीटर आपोआप बंद) आणि लांबून बंद करायची सोय. टाइम-आउटचं महत्त्व आम्हाला कळलं ते एका गाडीच्या सीटमध्ये माइकचं बटण दाबलं गेलं तेव्हा. दीड तास ती गाडी चालत होती आणि आमचा ट्रान्समीटर वाचला तो त्या तीन मिनिटांमुळे. टोन पहिल्या दिवसापासून लावा. किनाऱ्याकडे उन्हाळ्यात डक्टिंग झालं, म्हणजे हवेच्या थरांतून सिग्नल लांबवर वाहत गेले, की शेकडो किलोमीटरवरच्या स्टेशनांनी तुमचा रिपीटर रात्रभर उघडत राहील आणि बॅटरी संपेल.

अँटेनात फायबरग्लासची उभी काठी दिसायला सुबक असते, पण डोंगरावर मी उघड्या फोल्डेड डायपोलच्या बाजूचा आहे. काठीच्या आतले सांधे वाऱ्याने हलतात आणि रिपीटरवर त्याची खरखर होते. पाणी आत गेलं तर कळत नाही. डायपोल थेट मास्टला जोडलेला, म्हणजे विजेच्या दृष्टीनेही बरा. केबल अर्धा इंची हार्डलाइन (बाहेरून अखंड धातूची नळी असलेली) घ्या: १०० मीटरला तीनेक डेसिबल जातात, साध्या जाड कोएक्सला त्याच्या तिप्पट. ॲल्युमिनियमची पन्नी आणि वर तांब्याची जाळी असलेली केबल रिपीटरला वापरू नका, तोटा कमी असला तरी. दोन धातू एकमेकांवर घासतात आणि पाठवताना आवाज निर्माण करतात. कॅव्हिटीमधल्या छोट्या तुकड्यांनाही हेच लागू.

यावरून आमचा एक पावसाळा सांगतो, कारण तुम्हालाही तो येईल. दर जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की रिपीटर बहिरा व्हायचा. तीन दिवस ऊन पडलं की पुन्हा ठीक. आम्ही रिसीव्हर बदलला. मग डुप्लेक्सर पुन्हा ट्यून केला आणि चांगला बसलेला बिघडवला, ती मोठी चूक. शेवटी शांत बसून क्रमाने तपासलं. आधी क्षीण सिग्नल देऊन ट्रान्समीटर बंद ठेवला: स्वच्छ ऐकू आला. ट्रान्समीटर चालू केला: सिग्नल खरखरीत बुडाला. मग अँटेना काढून डुप्लेक्सरला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावला आणि हेच पुन्हा केलं. खरखर गेली. म्हणजे सेट निर्दोष, डुप्लेक्सर निर्दोष, दोष डुप्लेक्सरच्या पुढे. उघडीप बघून मास्टवर चढलो तर वरच्या एन-कनेक्टरमध्ये हिरवं पाणी. टेप गुंडाळलेली होती, पण वरून खाली. तिच्या प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून होती आणि पाणी आत ओढत होती. टेप खालून वर गुंडाळायची, कौलं घालतात तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो. आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप, मग काळी पीव्हीसी, आणि केबलला खोलीत शिरण्याआधी खाली झोळ, म्हणजे थेंब तिथे गळून पडतो. त्याच चढाईत ताणाच्या तारेचा गंजलेला आकडा सापडला, त्यानेही खरखर होत होती. तो बदलला. पुढचा जून कोरडा, म्हणजे रिपीटरसाठी कोरडा, गेला.

हा क्रम लिहून खोलीच्या दाराला आतून चिकटवा: आधी ट्रान्समीटर बंद-चालू, मग डमी लोड, मगच वर चढणं. डुप्लेक्सरला हात सगळ्यात शेवटी.

खोलीत एक वही ठेवा. प्रत्येक फेरीला तारीख, पुढे जाणारी पॉवर, परतणारी पॉवर, बॅटरीचं व्होल्टेज बोलताना आणि न बोलताना, रिसीव्हर किती क्षीण सिग्नल घेतो ते. एका दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परततेय याचं माप, १.२ वरून १.५ झाला तर फक्त चार टक्के परततंय, काळजी नाही. पण गेल्या तीन फेऱ्यांत तो १.२, १.३, १.५ असा चढत आला असेल तर कुठेतरी पाणी चाललंय, आणि ते पावसाआधी शोधायचं असतं.

वर्षात दोन फेऱ्या ठरलेल्या. पहिली मेच्या उत्तरार्धात, मान्सून यायच्या आधी: टेप, ताण, अर्थिंगचा खड्डा, लाइटनिंग अरेस्टरमधली गॅसची नळी. वळवाच्या विजा एप्रिलपासूनच सुरू होतात, त्यामुळे अर्थिंग तरी मार्चमध्येच तपासा. मास्ट, खोलीची अर्थ आणि सेटची अर्थ एकमेकांना जाड पट्टीने जोडलेल्या असू द्या. वेगवेगळ्या खड्ड्यांत सुट्या सोडल्या की वीज त्यांच्यातल्या फरकातून सेटमध्येच शिरते. दुसरी फेरी आम्ही खंडेनवमीला करतो. पावसाचा गाळ, गांधीलमाश्यांची पोळी, वीजजोडणीत मेलेल्या पाली, उंदरांनी कुरतडलेली वायर हे सगळं साफ करायचं, सेट पुसायचा, मग फूल वाहायचं. तरुण मंडळी या फेरीला हौसेने येतात आणि काम शिकतात. नुसती "मेंटेनन्स व्हिजिट" म्हटलं असतं तर दोघे आले असते.

डोंगरावर एकट्याने चढायचं नाही, पट्ट्याशिवाय मास्टवर जायचं नाही, ढग भरून आले तर तसंच खाली यायचं, आणि वर जाण्याआधी ट्रान्समीटर बंद. रिपीटर आठवडाभर बंद राहिला तर राहू द्या.

किल्ल्या तिघांकडे द्या आणि तिघांपैकी एक तिशीच्या आतला असावा. देवळातल्या गुरवांशी नातं जपा. आमच्याकडे गुरवकाका वर असतात. त्यांना एमसीबी कुठला, बॅटरीचा हिरवा दिवा कुठला हे दाखवून ठेवलं आहे. गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला, "दादा, लाईट आलीया पण तुमच्या डब्याचा दिवा लाल हाय." मी म्हटलं, "काका, ते डावीकडचं खटकं वर करा." त्यांनी केलं, रिपीटर बोलायला लागला, आणि आमची पावसातली चार तासांची चढाई वाचली. वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यांच्या मानधनाची ओळ आम्ही बॅटरीच्याही वर लिहितो.

पाठवायच्या आणि ऐकायच्या फ्रीक्वेन्सींची जोडी ठरवण्याआधी पंधरा दिवस दोन्ही फ्रीक्वेन्सी सकाळ-संध्याकाळ ऐका आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लबांना विचारा. डोंगरावरच्या त्या चाचणीच्या दिवसाचा नकाशा आणि हाताशी येतील त्या कॅव्हिटींचे आकडे पाठवलेत तर ट्यूनिंगला मी स्वतः येईन. माझ्याकडे सिग्नल जनरेटर आहे, डमी लोड आणि एन-कनेक्टरही आहेत. तुमच्याकडून दोन मजबूत खांदे लागतील, कॅव्हिटी वर वाहायला.